पाठ टेकली

कापराच्या मलमाचा वास आला की सिल्वासाजवळच्या सामरवरणीचं मैदान आठवतं. बॉक्सिंगला पुन्हा जुने दिवस यावेत म्हणून आमच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने तिथे दोन व्यावसायिक बॉक्सरांची लढत ठेवली होती. खानदेशातले कामगार कुस्तीच्या दंगलीला यावं तसे फेटा घेऊनच आले. एका ठोशात वापीचा बॉक्सर पाठीवर आडवा झाला. पंच दहापर्यंत आकडे मोजू लागला, तोवर लोकांनी दोरांतून आत घुसून दुसऱ्याला फेटा बांधला, खांद्यावर घेतलं. "अरे, उतरवा त्याला! लढत संपली नाही अजून!" सुपरवायझर ओरडत राहिला. "पाठ टेकनी ना भाऊ, आते काय ऱ्हायनं?" म्हणत मिरवणूक वाजतगाजत रस्त्याला लागली. बॉक्सिंगचे दिवस काही परतले नाहीत. मला आजही तो वापीचाच दिसतो. आठव्या आकड्याला तो उठला, हातमोजे वर धरून उभा राहिला, आणि समोर कोणीच नव्हतं.