नानांची पेशी

रविवारची दुपार आहे. डबा खाऊन झालाय, आणि मी लॅबच्या बाहेरच्या खोलीत, स्पंज बाहेर आलेल्या सोफ्यावर पाय वर घेऊन पडलेय. नुसती पडलेय हं, झोपणार नाही. आतून इन्क्युबेटरचा घूं घूं आवाज येतोय. देवयानी, लॅबमधली माझी जोडीदारीण, आतल्या टेबलाशी स्वतःशीच पुटपुटत काम करतेय. तिचं पुटपुटणं हळूहळू लांब चाललंय. डोळे मिटायला लागले तरी आपल्याला वाटत असतं की आपण अजून विचारच करतोय. मीही करतेय. उद्याचा.

उद्या नेर्लेकर मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, माझी प्लेट फेकायला सांगणार आहेत. सांगणार कसल्या, सांगून झालंय. "चारुलता, सोमवारपर्यंत धडधडल्या तर ठीक, नाहीतर जागा मोकळी कर." बाई वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त इतक्या शांतपणे मला जमलं नसतं.

प्लेटमध्ये हृदयाच्या पेशी आहेत. माणसाच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना चुचकारून पुन्हा लहान करायचं, इतकं लहान की आपण पुढे कोण होणार हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. मग त्यांना हृदयाच्या वळणाला लावायचं. सगळं जमून आलं तर एके दिवशी त्या बशीतल्या बशीत धडधडायला लागतात. आजूबाजूला ना छाती, ना माणूस, आणि तरी यांचं सुरू. एकदा ते पाहिलं की माणूस या वेडातून बाहेर येत नाही. मी तरी अजून आलेले नाही.

आणि या पेशी माझ्या वडिलांच्या आहेत. ॲडव्होकेट पुरुषोत्तम धोटे, आमच्या वर्ध्याकडचे दिवाणी वकील, घरात नाना. त्यांचं हृदय आजारी होतं, आम्ही त्याच आजारावर काम करतो, म्हणून पुण्याला तपासणीसाठी आले तेव्हा त्यांनी आमच्या संशोधनासाठी रक्त दिलं. रीतसर दिलं आणि हौसेनं दिलं. पुढच्या वर्षी ते गेले. गोठवून ठेवलेल्या त्यांच्या पेशींची ही शेवटची कुपी. आधीच्या कुप्यांतल्या पेशी रुजल्याच नाहीत. ही रुजली, वाढली, हृदयासारखी दिसायलाही लागली, पण ढिम्म. उद्या ती कचऱ्यात गेली की नाना दुसऱ्यांदा जातील, आणि या खेपेला माझ्या हातानं. मला ते नको आहे. बास, इतकंच.

"काऊन वं चारे, झोपली का?"

"नाही. पडली आहे नुसती."

नाना सोफ्याच्या हातावर बसलेत. अंगात काळा कोट, गळ्यात पांढरा बँड, पायात घरातली स्लिपर. मला नवल वाटायला हवं, पण मला फक्त एवढंच वाटतं की सोफ्याचा तो हात मोडका आहे, हे पडतील.

"कोट काऊन घातला एवढ्या उन्हाचा?" मी विचारते. नानांशी बोलायला लागले की माझी जीभ मधूनमधून वर्ध्याला जाते.

"पेशी आहे ना माझी उद्या."

आमच्याकडे कोर्टातल्या सुनावणीला पेशी म्हणतात. मी पेशीविज्ञान शिकायला निघाले तेव्हा नानांनी वकिलांच्या बार रूममध्ये पेढे वाटले होते आणि सांगितलं होतं की पोरगी पेश्यांमध्ये डॉक्टरेट करून राह्यली. सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. त्यांना वाटलं, बापाचाच धंदा पुढे नेतेय.

"नाना, ती पेशी वेगळी."

"मले नको शिकवू. माह्या नावाची आहे का नाही?"

"आहे."

"सोमवारी निकाल आहे का नाही?"

"आहे."

"मंग मी हजर नाही राह्यलो तर एकतर्फी होऊन जाईन ना वं." नाना उठतात, कोट झटकतात. "चाल, कुठं आहे कोर्ट?"

मी इन्क्युबेटरचं दार उघडते. आतली ऊब तोंडावर येते आणि आम्ही दोघं आत चालत जातो. आत कोर्टाचा व्हरांडा आहे. तेच खांब, तीच पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली भिंत, फक्त फरशीवर घोट्यापर्यंत गुलाबी पाणी आहे, ज्या पाण्यात आम्ही पेशी वाढवतो ते. नाना पँट दुमडून पाण्यात उतरतात. वाकून बोट बुडवतात आणि जिभेला लावतात.

"सरबत आहे का?"

"त्यांचं जेवण आहे ते."

"याच्यात तर्री नाही."

"नाना, पेशींना तर्री चालत नाही."

"म्हणूनच थे गपचूप बसले आहे," नाना म्हणतात, आणि बार रूमचं दार ढकलतात.

आत नाना आहेत. म्हणजे एक नाना नाही, खोली भरून नाना. बाकांवर नाना, खिडकीत नाना, टेबलावर मांडी घालून नाना, कपाटावर पाय सोडून बसलेले नाना. सगळ्यांचा काळा कोट, सगळ्यांच्या कानात तोच केसांचा झुबका. आणि प्रत्येक जण बोलतोय. कोणी कलम सांगतोय, कोणी त्याला खोडतोय, कोणी दोघांनाही खोडतोय. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही, आणि प्रत्येकानं दुसऱ्याचा धक्का लागू नये म्हणून कोट आवरून घेतलाय.

मला हसू फुटतं. मी गेले कित्येक दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेय, पेशींची मिनतवारी करतेय, आणि हे असं आहे होय. खोली भरून पुरुषोत्तम धोटे एकत्र कोंडल्यावर एकमत कुठून होणार? घरात एक होते तरी टीव्ही कोणता लावायचा ते ठरायचं नाही.

"बाप्पा," नाना माझ्या कानाशी म्हणतात, "हे कोण एवढे आगाऊ लोक?"

"तुम्हीच आहात."

नाना जरा वेळ बघतात. "बोलतात बाकी चांगले," असं म्हणतात.

मग खोलीत एकदम शांतता होते. समोर उंच खुर्चीवर नेर्लेकर मॅडम आहेत. त्यांनी लॅबचा पांढरा कोटच घातलाय, पण त्यांच्यापुढे लाकडी हातोडी आहे. खुर्चीच्या मागे आमच्या स्वयंपाकघरातला ओटा दिसतोय आणि ओट्यावर दूध उतू जायच्या बेतात आहे, पण तिकडे कुणी बघत नाही.

"साक्षीदार काही बोलत नाही, चारुलता," मॅडम म्हणतात. "किती थांबायचं?"

मी नानांचा कोट धरते, लहानपणी धरायचे तसा, मागून. "नाना, मला तुम्हाला फेकायचं नाही," मी म्हणते. हे त्यांच्यापाशी म्हणायला मिळालं याचंच मला इतकं बरं वाटतं की खरं तर निकाल लागला नाही तरी चालेल.

"मंग तारीख माग," नाना म्हणतात. "भांडायचं नाही, रडायचं नाही. तारीख मागायची."

"कारण काय देऊ?"

"साक्षीदार बाहेरगावी आहे, म्हण."

"साक्षीदार मेलाय, नाना."

"मंग तर उशीर होईनच ना. लांबून यायचं आहे त्याले."

मॅडमना हे पटतं. त्या खरंच विचारात पडतात, मान हलवतात, आणि म्हणतात, "तोवर यांना नीट बसवा." एवढं ऐकल्यावर नाना जे पुढे होतात ते थेट टेबलावर चढतात. लग्नात पंगत बसवताना त्यांचा असाच आवाज लागायचा.

"ए, सरका. सरका म्हणतो ना. काय कोट सांभाळून राह्यले? शेजाऱ्याले हात लावा. खांद्याले खांदा लावा. एकटा वकील काय कामाचा आहे, आं? तू, कपाटावरचा. खाली उतर."

कपाटावरचे नाना कुरकुरत उतरतात. बाकांवरचे सरकतात. कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकतो, तो पुढच्याच्या. आम्ही लॅबमध्ये हेच तर शिकवतो. हृदयाची पेशी एकटी धडधडली तरी तिचं हृदय होत नाही, शेजारणीला चिकटली की इशारा एकीतून दुसरीत जातो. मी हे कितीतरी वेळा फळ्यावर काढून दाखवलंय. नानांनी ते पंगतीसारखं करून दाखवलं याचा मला राग यावा, पण येत नाही.

खिडकीतले एक नाना टेबलावर थाप मारतात. मग शेजारचे मारतात. मग सगळी खोली मारते. थाप, थांबणं, थाप. गुलाबी पाण्यावर वलयं उठतात. टेबल उडतंय, ओट्यावरचं दूध आनंदानं उतू जातंय, मॅडम हातोडीनं ठेका धरतायत आणि मी, या वयात, स्वतःच्या वडिलांच्या गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवतेय. इतकी खूश मी शेवटची कधी होते ते मला आठवत नाही.

"ऐकून राह्यली ना?" नाना ओरडून विचारतात.

"हाओ."

"मंग लिहून घे. तोंडी आदेशाले अर्थ नसते."

कागद नाही. माझ्या ॲप्रनच्या खिशात प्लेटांवर नावं लिहायची चिकटपट्टी आहे, तिचा मी तुकडा फाडते. नाना मार्कर घेतात, झाकण दातानं काढतात, लिहितात आणि पट्टी माझ्या मनगटावर दाबून बसवतात. त्यांचा अंगठा गरम आहे.

"तारीख नाही टाकली तुम्ही."

"कोरीच राहू दे. लागन तशी टाकता येते."

आता आम्ही एस.टी. स्टँडवर आहोत, पण ऊन मऊ आहे आणि वास भाजलेल्या शेंगांचा आहे. नाना गाडीत चढलेत. मी खिडकीखाली उभी आहे. मला विचारायचंय की तिकडे कसं आहे, जेवणाचं काय, झोप लागते का. मी विचारते, "जागा मिळाली का?"

"खिडकी मिळाली," नाना म्हणतात, आणि तेवढ्यानं ते किती खूश आहेत ते दिसतं. कंडक्टर डबल बेल देतो. टिंग टिंग. टिंग टिंग. टिंग टिंग.

"अगं बंद कर तो टायमर, तुझ्या उशाशी आहे," देवयानी दारातून म्हणते. "आणि घोरतेस किती, मला वाटलं सेंट्रिफ्यूजचं मशीन बिघडलं."

मी टायमर बंद करते. उजव्या मनगटावर काहीतरी खेचल्यासारखं होतं. बघते तर चिकटपट्टी आहे. काळ्या मार्करनं लिहिलंय: पु. ता.

"हे काय?" देवयानी वाकून बघते.

"पुढील तारीख. कोर्टात असं लिहितात."

"कुठली तारीख?"

"टाकलेली नाही."

मी अक्षराकडे बघत राहते. मी डाव्या हातानं लिहिते. उजव्या मनगटावर मलाच लिहिता येईल, झोपेत माणूस काहीही करतो. फक्त पु आणि ता एका रेघेखाली ओढून घ्यायची सवय मला नाही, ती नानांची. देवयानीला यातलं काही मी सांगत नाही.

"मी मॅडमना फोन करून मुदत मागतेय," मी म्हणते. "भांडणार नाही. नुसती मागणार."

"माग की. तोवर प्लेटचा एक फोटो काढून ठेवते," असं म्हणून ती आत जाते. मी नंबर शोधत असते. आत खुर्ची सरकते.

"चारू," देवयानी म्हणते. तिचा आवाज बारीक झालाय. "चारू, इकडे ये. हळू ये, टेबलाला धक्का लावू नकोस."

मी डोळा लावते. सगळी प्लेट नाही. खालच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. आक्रसतो, सैल होतो. थांबतो. पुन्हा आक्रसतो. आजूबाजूच्या पेशी नुसत्या ओढल्या जातायत, अजून त्यांचं काही ठरलेलं नाही. देवयानी माझ्या पाठीवर हात ठेवून उभी आहे आणि आम्ही दोघीही, लहान बाळ उठू नये अशा बेतानं, श्वास घेतोय.

मॅडमना फोन नंतर. आधी मी आईला लावते, व्हिडिओवर, आणि मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर धरते. आई वर्ध्याला कूलरसमोर बसलीय, तिचे केस उडतायत.

"काय आहे वं हे?" ती चष्मा शोधते. "हालून राह्यलं."

"नाना आहेत, आई. त्यांच्या रक्तातून केलेलं हृदय. आत्ता सुरू झालं."

आई चष्मा लावते. मोबाइलच्या अगदी जवळ येते, इतकी की मला फक्त तिचं कपाळ दिसतं. तिथूनच विचारते, "त्याईले दुखत तर नाही ना?"

"नाही आई. काही दुखत नाही. नुसतं चालू आहे."

"मंग चालू दे," आई म्हणते, आणि फोन ठेवायचं नावच घेत नाही.