वाफा भरेपर्यंत

आबा गेल्याचा निरोप मला धुळ्याला, दवाखान्यातच मिळाला. एक बाळंतीण नुकतीच सुटली होती, मी हात धूत होते. माहेराहून, असोद्याहून, आमच्या भावकीतले एक गृहस्थ पहिल्या गाडीनं आले होते आणि व्हरांड्यात टोपी हातात घेऊन उभे होते. तोंड बघूनच कळलं. "कुठे गेले?" मी विचारलं. धक्क्यानं मला काही सुधरत नाही, असं त्यांना वाटलं असावं. "कुठी म्हंजे? घरीच, बाई. मधल्या खोलीत. बठ्ठे घरचे जवळ होते." मी हात पुसले. घरीच. म्हणजे नाहीच नेलं.

आबा म्हणजे माझे वडील. केळी लावणारा, कमी बोलणारा माणूस. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी माझे यजमान विषमज्वरानं गेले आणि मी तिशीत माहेरी परत आले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझं काय करायचं ते ठरवायला सगळे मोकळे होते. आईच्या मते मी स्वयंपाकघर सांभाळावं, काकांच्या मते देवाधर्माला लागावं. सासरचे म्हणत होते परत पाठवा, कारण तिकडे कामाला बाईमाणूस कमी पडत होतं. मी भिंतीला टेकून बसायची आणि ऐकायची. एका सकाळी आबा म्हणाले, "मळ्यात चाल. बाऱ्यावर मानूस नही."

बारं धरणं म्हणजे केळीला पाणी द्यायचं काम. तेव्हा मोट होती. मोटेचं पाणी पाटानं यायचं, एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं, आणि तो भरेपर्यंत उभं राहायचं. आबांची एक रीत होती. वाफ्याचं तोंड उघडताना ते एक प्रश्न विचारायचे आणि बांध फुटला का ते बघायला पार पलीकडच्या टोकाला निघून जायचे. मी लगेच काही बोलायला गेले तर हात हलवायचे. "आता नको सांगू. भरू दे." वाफा भरला की परत येऊन ऐकायचे.

पहिल्या दिवशी विचारलं, "तुले काय पाह्यजे?"

ते परत आल्यावर मी म्हटलं, "मला आता काय पाहिजे असणार?"

"हे उत्तर नही. हे रडनं हाये," म्हणाले, आणि पुढचं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखं उत्तर तयार करून गेले होते. इथेच राहते, तुम्हाला मदत होईल. "मदतीले बैल हायेत. मले काय पाह्यजे, ते नही इचारलं मी." असा तो सगळा हिवाळा गेला. कधी मी चिडूनही बोलले. पण दर वेळी वाफा भरेपर्यंत एकटीनं उभं राहावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात खोटं उत्तर फार टिकत नाही. मला कामाची भीती नव्हती, लोकांनी कीव करून वाढलेल्या ताटाची होती, हे मला तिथे कळलं. वहिनीच्या बाळंतपणात घरातल्या सगळ्या बाया ओरडत असताना माझे हात थरथरले नव्हते, हेही तिथेच आठवलं. शेवटी एकदा म्हटलं, "आबा, मला नर्सिंग शिकायचंय. धुळ्याला."

त्यांनी माती ओढून वाफ्याचं तोंड बंद केलं. "दूर हाये," म्हणाले. मग म्हणाले, "चाल."

घरी आकाशपाताळ एक झालं. काका म्हणाले, विधवा पोरगी परगावी ठेवणार, लोकांना काय सांगणार? आबांनी जेवता जेवता एवढंच म्हटलं, "इचारलं मी तिले. इचारलं म्हनजे देनं लागते." आणि माझी पत्र्याची पेटी घेऊन ते स्वतः मला धुळ्याला सोडून आले.

पुढे मी सुटीवर आले की आमचा पहिला फेरा मळ्यात व्हायचा. एकदा मीच विचारलं, "आबा, तुम्हाला काय पाहिजे?" ते टोकाला जाऊन आले. "काही नको. शेवटी इथी आनून टाका. पान्याचा आवाज आला पाह्यजे."

"टाकायला काय, गोणी आहात?"

"गोनी उचलाले दोन मानसं लागतात. भिकनलेबी सांगून ठेव."

भिकन माझा धाकटा भाऊ. तो तिथेच होता, तोही हसला.

या हिवाळ्यात आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रजा टाकून गेले तर मधली खोली माणसांनी भरलेली. "आबा, पेज घेता का? घ्या घ्या. कसं वाटतंय? बरं वाटून राह्यलं त्यांना." प्रश्न विचारणाराच उत्तरही देत होता. आबा फक्त आढ्याकडे बघत होते... मी सगळ्यांना बाहेर काढलं, त्यांच्या डाव्या हाताखाली माझा हात ठेवून विचारलं, "मळ्यात जायचं?" आणि सवयीनं ओसरीवर जाऊन थांबले. परत आले, हात दिला. त्यांनी तो दाबला. मग उलट विचारलं, "की घरीच बरं?" पुन्हा बाहेर जाऊन आले. हात तसाच पडून होता, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. रोग्याला समजतंय की नाही, हे ओळखणं माझं कामच आहे. आबांना समजत होतं.

भिकनला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, केवढी थंडी हाये. बाप मळ्यात मेला तर गाव म्हनीन, पोरानं झोपडीत नेऊन टाकला."

"गाव मरणार नाहीये. आबा मरणार आहेत."

"तू धुळ्याले चालली जाशीन. गावात मले राह्यनं हाये."

तेही खोटं नव्हतं. मी भांडले. त्याचा उपयोग होईना, तेव्हा धाकट्या भावाचे पाय धरले. असं मी कुणापुढे केलेलं नाही. तो रडला, आई रडली, आणि ठरलं की थंडी जरा कमी होऊ दे, रविवारी नेऊ. माझी रजा संपली होती. निघताना आबांना सांगितलं, "रविवारी." त्यांनी माझं बोट धरलं ते सोडेनात. मला एकेक बोट उलगडून हात सोडवून घ्यावा लागला, गाडी चुकली असती. रविवार उजाडायच्या आत ते गेले.

आबांनी विचारलं आणि दिलं. मी विचारलं, आणि दिलं नाही. न विचारताच राहिले असते तर निदान त्यांना आस तरी लागली नसती. मी आयुष्यभर एकच गोष्ट खरी मानली, की माणसाला विचारल्याशिवाय त्याचं काही ठरवू नये. ती त्यांनीच दिलेली. आणि शेवटी तीच घेऊन मी त्यांच्या उशाशी गेले, त्यांना आशेला लावलं आणि निघून आले. वॉर्डात आता एखाद्या बाईला "काय हवंय?" म्हणताना माझी जीभ अडते.

तेराव्यानंतर गाडीला वेळ होता म्हणून मळ्यात गेले. मोटेच्या जागी इंजिन आलंय, पण पाट तेच. भिकन बारं धरून होता. हातात आबांचं फावडं, दांडा त्यांच्या मुठीच्या जागी झिजलेला. त्यानं एका वाफ्याचं तोंड उघडलं आणि वर न बघता म्हणाला, "अक्का, माह्यं चुकलं का?"

विचारलं, पण टोकाला गेला नाही. तिथेच उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत. पाणी चढत गेलं. वाफा भरला, बांधावरून सांडलं, माझ्या चपला भिजल्या, तरी तो हलेना. शेवटी मीच त्याच्या हातातून फावडं घेतलं, माती ओढून तोंड बंद केलं, पुढचं उघडलं. "भरू दे," म्हटलं, आणि फावडं त्याच्या हातात देऊन गाडी गाठली.

त्याला महिना होऊन गेला. तो वाफा केव्हाच भरला असेल... मी अजून असोद्याला गेलेले नाही.