बैलाचे वरचे दात

पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी एका तरण्याबांड बैलाला म्हातारा ठरवलं. खापरखेड्याकडच्या एका शेतकऱ्याला बैल विकण्याआधी वयाचा दाखला हवा होता. मी जबडा उघडून गंभीरपणे म्हणालो, "बाबा, वरचे पुढचे दात सगळे पडलेत." सोबत आलेलं गिऱ्हाईक ताबडतोब माघारी वळलं.

बाबांनी त्याचा हात धरला. मग कॉलेजच्या दवाखान्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एकेका गाईबैलाच्या कपाळावर, परवानगी मागावी तसा, तळवा ठेवून ते तोंड उघडून दाखवत गेले. वरचे पुढचे दात कोणालाच नव्हते, वासरालाही नव्हते.

"गाईबैलाले ते राहातच नाही," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. गिऱ्हाईक हसत परत बैलापाशी आलं. मग बाबा माझ्याकडे वळले.

"बैल चांगला हाय गा, डॉक्टर. तुलेच कोणाले तरी दाखवा लागते."