तिसऱ्या सिलिंडरवरचा अंगठा

लग्नानंतर माझ्या नवऱ्याने एक जुनी पेट्रोलची मोटार घेतली आणि बोर्ली पंचतन ते माणगाव अशी उतारूंची ने-आण सुरू केली. त्या वर्षी दिवाळीनंतर ते जेवेनासे झाले. दोनदा विचारल्यावर म्हणाले, "मोटार चढाला धापा टाकते. आणि काल घाट उतरताना मला जुमानेना."

दुसऱ्या सकाळी माझ्या भावाने बाबांना आमच्याकडे आणून सोडले. त्यांची लघवी अडली होती. पोट दगडासारखे घट्ट, डोळे वर गेलेले. वैद्याने हात टेकले होते. "माणगावला डॉक्टरकडे न्या, नाहीतर काही खरं नाही," एवढेच तो म्हणाला होता.

हे लगेच मोटारीकडे गेले. मला अंगणात बोलावून त्यांनी इंजिनचे चारही प्लग काढले. "मी इंजिनचं हँडल फिरवतो. तू एकेका भोकावर अंगठा दाबून धर."

पहिल्या भोकातून असा जोर आला की अंगठा उडाला. दुसऱ्यातूनही तसाच. तिसऱ्यावर नुसती कोमट फुंकर लागली.

"इथं जोर नाही," मी म्हणाले.

त्यांनी पळीभर तेल त्या भोकात ओतले, हँडल दोनदा फिरवले. पुन्हा अंगठा ठेवला, तर या खेपेस तो ढकलला गेला. मला हायसे वाटले. यांचा चेहरा मात्र उतरला.

"झडप गळत असती तर तेलानं फरक पडला नसता. आतल्या दट्ट्याच्या रिंगा झिजल्यात. तेल आहे तोवर जोर, ते जळलं की संपलं."

"म्हणजे पोचणार नाही?"

"चढेल कशीबशी. भीती उताराची. गिअरमध्ये टाकलं की इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. हे धड धरणार नाही. सगळा भार ब्रेकवर."

आतून बाबा कण्हत होते, "न्हाय सोसत गो, पोरी."

बैलगाडीने रात्र झाली असती. मी म्हणाले, "न्या. मी येते."

दुसरा उतारू घेतला नाही. मागच्या बाकावर बाबांना निजवले, पायाशी एक ओंडका ठेवला. चढावर मोटार निळा धूर ओकत चालत्या माणसाच्या वेगाने गेली. उतार लागला तसा यांनी हातब्रेक, पायब्रेक, दोन्ही आवळले. प्रत्येक वळणावर मोटार थांबे. मी उडी टाकून चाकापुढे ओंडका घाले आणि ब्रेक निवेपर्यंत उभी राही. जळक्या चामड्यासारखा वास येई. एकदा ओंडका दगडावरून घसरला, मोटार हातभर पुढे सरकली आणि दरीकडची माती खाली गेली. दुसऱ्या चाकाखाली तो पुन्हा कोंबला तेव्हा माझी बोटे चेपली, पण ते मला माणगावात कळले.

डॉक्टरने नळी घातली. बाबांचा चेहरा सैल पडताना मी पाहिला. संध्याकाळी त्यांनी पेज मागितली.

हे तिथल्याच एका झाडाखाली इंजिन उघडून बसले होते. मी गेले तेव्हा तिसऱ्या दट्ट्याची रिंग दोन तुकडे होऊन त्यांच्या तळहातावर पडली होती. "मामा कसे आहेत?" त्यांनी बाबांबद्दल विचारले. पेज मागितल्याचे सांगितले. ते मोटारीच्या पायरीवर मटकन बसले, आणि ते तुकडे त्यांच्या तळहातावरून मीच काढून घेतले.