लाल झालेली माणसं

माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आमच्या सख्ख्या मामाला गेली नाही. त्याच्या शेजाऱ्याला गेली. दोष कॉम्प्युटरचा नव्हता. (हे घरच्यांनी मला नंतर नीट समजावून सांगितलं.)

झालं असं, की पाहुण्यांच्या याद्या दोन होत्या. एक आईची, एक बाबांची. दोघांनी मिळून एकच करायला घेतली, तर तिसऱ्या नावाला भांडण! मी तेव्हा खराडीच्या आयटी पार्कात नवानवा लागलेलो. म्हटलं, "भांडू नका. मी एक्सेलमध्ये टाकतो. एकच नाव दोनदा आलं, की आपोआप लाल होतं."

बाबांनी चष्मा वर केला. "आपोआप झालेलं निस्तरावं मात्र हातानं लागतं. बघ हं."

मी दोन्ही याद्या एकाखाली एक टाइप केल्या आणि बटण दाबलं. नावं लालेलाल! लाल म्हणजे जादा, जादा म्हणजे उडवा. सगळ्या लाल ओळी उडवल्या, उरलेल्यांना पत्रिका पोस्टानं धाडल्या आणि आईकडून शिरा वसूल केला.

लग्नाला आठ दिवस उरले असताना लोणी काळभोरहून मामाचा फोन.

"जय भीम, ताई. लगीन येत्या रविवारी हाय म्हनं?"

"म्हनं काय? पत्रिका मिळाली ना?"

"मिळाली की. शेजाऱ्याला. दाजींच्या हापिसात शिपाई हुता न्हवं, त्याला. त्यानं वाचून दाखिवली. छपाई झ्याक हाय."

फोन बंद! आईचा चेहरा पाहून मी मुकाट्यानं फाइल उघडली.

"लाल म्हणजे नक्की कोण?" बाबांनी विचारलं.

"ज्यांची नावं तुमच्याही यादीत होती आणि आईच्याही."

"मग एक ओळ काढायची, का दोन्ही?"

लाल रंग दोन्ही ओळींना लागतो, हा प्रकाश माझ्या डोक्यात तेव्हा पडला.

"म्हणजे," बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईला आणि मला, दोघांनाही हवीशी वाटणारी माणसं तीस वर्षांत मोजकीच सापडली. नेमकी तेवढी तू वेचून काढलीस."

थोरली आत्या गेली होती. अख्खं आजोळ गेलं होतं. लग्न लावणारे भन्तेजीसुद्धा गेले होते!

"आता मंगल परिणय कोण लावणार?" आई कडाडली. "तुझं एक्सेल?"

पुढचे तीन दिवस मी रजा टाकून स्कूटरवर. प्रत्येक घरी एक पत्रिका, एक चहा आणि एक व्याख्यान. मामाकडे गेलो, तर तो ओसरीवर पाठमोरा बसलेला.

"मामा, चुकलो. तुझं नाव दोन्ही याद्यांत होतं, म्हणून उडालं."

तो अर्धवट वळला. मग म्हणाला, "म्हंजी दाजींनी बी लिवलं हुतं?"

"पहिलंच."

मामानं उपरण्यानं डोळे टिपले. "अगं, च्या ठेव," तो आत बघून ओरडला, "भाचा आलाय!"

लग्नाला सगळे आले. भन्तेजी तर सर्वांच्या आधी! हॉलच्या दारात मामा माझा दंड धरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "ह्यो आमचा भाचा. खराडीत मोठ्या कंपनीत हाय. कंप्युटरवरनं मानसं कमी करतो!"

लोक हसतील, असं मला वाटलं. पण एका गृहस्थांनी मला हळूच कोपऱ्यात नेलं आणि हात जोडले. "साहेब, आमचा मुलगापण तिकडंच आहे. त्याच्याकडे जरा लक्ष असू द्या."

आणि मी, निर्लज्ज, कोट सावरून म्हणालो, "बघतो!"