जयमालेची मूठ

जयमालेचे समोरचे दोन दात तिच्या नवऱ्याने, रवीने, तांब्याने मारून पाडले. रोहिणखेडच्या सासरहून ती नांदुऱ्याला भावाकडे आली, तेव्हा ओठ इतका सुजला होता की मला 'सर' म्हणतानाही तिला त्रास होत होता. सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. कमी बोलणारी, उत्तर चुकले तर कोणी सांगायच्या आत स्वतःच खोडून पुन्हा लिहिणारी.

तिचा भाऊ हर्षल माझ्या घरापुढच्या गाळ्यात गेमचे दुकान चालवतो. तिथे तीन टीव्ही आहेत. दोघांवरचे खेळ बटने दाबून खेळायचे. तिसऱ्याचा रिमोट मुठीत धरून हात हलवला की पडद्यावरचा हात हलतो. जयमाला दुकानात बसू लागली.

तिसऱ्या मशीनवर बॉक्सिंगचा खेळ होता. पोरे आठवडाभर त्याच्यापुढे नाचली. मग त्यांना कळले, की खुर्चीत बसून नुसते मनगट झटकले तरी ठोसा लागतो.

"मशीनले वजन नाही समजत, सर," हर्षल म्हणायचा. "बटन दाबलं काय, मनगट झटकलं काय, सारखंच. इकून टाकतो ते."

जयमाला मात्र दुपारी गिऱ्हाईक नसले की ओढणी कमरेला बांधून त्याच्यापुढे उभी राहायची. खांद्यापासून हात फेकायची, आणि हरायची. कारण पडद्यावरच्या गड्याची मूठ मोठी होत तोंडावर आली, की तिचे डोळे गच्च मिटायचे. बटनांच्या खेळात ते मिटत नसत. तिथे मार बाहुल्याला बसतो. इथे मुठी वर धरून उभे राहिले की मार आपल्याकडेच येतो.

"काऊन वं ताई," हर्षल हसला, "डोळे झाकून मार खातं का?"

"सवय हाये," ती म्हणाली.

हर्षल पुन्हा हसला नाही.

तीन महिन्यांनी ती तिसऱ्या फेरीपर्यंत उघड्या डोळ्यांनी टिकू लागली.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी रवी आला. हर्षल चहा सांगायला गेला होता. रवीच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट. मी दुकानाच्या दाराशी पेपर वाचत होतो. माझ्या पाया पडला, मग आत वळला.

"चाल. जीप उभी हाये."

"मी नाही येत."

"पुन्हा म्हन."

"नाही येत."

त्याने कानशिलात मारली. कानातले तुटून रक्त मानेवर उतरले. मी मध्ये गेलो. त्याने खांद्याने ढकलले आणि मी मागच्या खुर्चीसकट पडलो.

"सर, तुमी बसा. माह्या घरची गोष्ट हाये," असे अगदी आदराने म्हणून त्याने मूठ उगारली.

जयमालेने डोळे मिटले नाहीत. मान बाजूला घेतली. त्याची मूठ मागच्या भिंतीवर आदळली. मग तिचा उजवा हात खांद्यापासून सुटला आणि त्याच्या नाकावर बसला. रक्ताची धार त्या इस्त्रीच्या शर्टावर. तो गुरासारखा ओरडला, केस धरून तिचे डोके टीव्हीवर आपटले. काच तडकली. तिने त्याच हाताने, त्याच नाकावर पुन्हा मारले. या वेळी दोघेही किंचाळले. त्याच्या हातातून केस सुटले.

चहावाल्याकडची माणसे धावत आली. रवीला रस्त्यावर ओढून लाथा घालू लागली. हर्षलने वीट उचलली.

"सोडा त्याले!" जयमाला ओरडली. "हर्षल, वीट ठेव. पोलिसाले बोलाव."

तिचा अंगठा मोडला होता, पहिल्याच ठोशात.

"मूठ वळताना अंगठा असा उभा ठेवतात का?" प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारले.

"रिमोटवर तसाच असते," ती म्हणाली. डॉक्टरांना काही उमगले नाही.

"म्हनलं नव्हतं?" हर्षल म्हणाला. "काही कामाचं नाही ते मशीन."

"मारनं नाही शिकवलं त्यानं," ती म्हणाली. "पन येनारी मूठ दिसली मले."

संध्याकाळी ठाण्यात हवालदाराने तक्रार लिहून वाचून दाखवली : पतीने मारहाण केली.

"म्या बी दोनदा मारलं," जयमाला म्हणाली. "तेही लिहा."

"ते कशाले, बाई?"

"खरं हाये म्हनून."

त्याने लिहिले आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. "हाताले प्लास्टर हाये. डाव्या हाताचा अंगठा द्या."

"मले लिहिता येते."

तिने डाव्या हातात पेन घेतला. 'जयमाला' लिहायलाच अर्धी ओळ लागली. 'य' उलटा होता होता राहिला. समोरच्या बाकावर रवी नाकात कापूस घालून बसला होता आणि पेनाकडे बघत होता. तिने पुढे वडिलांचे नाव लिहिले : रामराव.

"नवऱ्याचं नाव लागते, बाई," हवालदार म्हणाला.

"मी तिकडं नाही जाऊन राह्यली," असे म्हणून ती खाली मान घालून आडनाव लिहू लागली.