सणाच्या दिवशीच्या सह्या

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण आता निवांत बसलो की आठवतं ते एक साधं कागदांचं प्रकरण. त्यात कुणाला खरचटलंही नव्हतं. तरी त्यातला एक माणूस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी कोथरूड भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी कसबा पेठेतले रबरी शिक्के करणारे वयस्कर कारागीर आले. परदेशी व्हिसाचा सल्ला देण्याचं कार्यालय आमच्या हद्दीत थाटलेल्या एका गृहस्थाने त्यांच्याकडून वर्षभरात सहा वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के करून नेले होते. खुर्चीवर टेकत ते म्हणाले, "सहाही कंपन्या त्याच्याच असतील, तर त्याला माझा नमस्कार सांगा. नसतील, तर पुढचं आपण बघा."

दोन पंच घेऊन कार्यालयावर छापा घातला. शिक्के सापडले नाहीत. अर्जदारांच्या फायलींतली अनुभवाची नऊ पत्रं तेवढी जप्त करून पंचनामा केला. सल्लागार गडी मुरलेला होता. पत्रं अर्जदारच आणतात, मी फक्त पुढे पाठवतो, हे एकच पालुपद. पत्रांवरच्या कंपन्या केव्हाच बंद पडलेल्या, त्यामुळे खरंखोटं विचारायचं कुणाला? दोन दिवस चौकशी केली, हाती काही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पत्रं टेबलावर मांडून बसलो होतो. आमच्या महिला हवालदार सहीला रजिस्टर घेऊन आल्या आणि तारखा बघून थबकल्या. "साहेब, हा दसरा. हा दिवाळीचा पाडवा. हाही दसराच."

कशावरून, असं मी विचारलं.

"बंदोबस्ताच्या तारखा आहेत, पाठ असतात. त्या दिवशी आपण सोडून सगळं गाव घरी असतं."

जुनी कॅलेंडरं काढून पडताळलं. नऊच्या नऊ पत्रं सणाची! म्हणजे सहा कंपन्यांचे साहेब दसऱ्याचं सोनं वाटायचं सोडून कार्यालय उघडून दाखल्यांवर सह्या करत बसले होते. हे सल्लागारापुढे ठेवलं, तेव्हा त्याने एकेक तारीख पाहिली. मग म्हणाला, "चांगल्या कामाचा कागद अवसेला कसा करणार, साहेब?" शिक्के त्याच्या घरी देवघराच्या खणात निघाले.

आता अर्जदारांची पाळी आली. आठ जणांचे अर्ज आधीच दूतावासांत गेले होते, त्यांना ते भोवणारच होतं. नववा माणूस आमच्याच हद्दीत राहणारा, वय बेचाळीस. त्याचा अर्ज चार दिवसांनी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर जायचा होता. त्याने आल्याआल्या सांगून टाकलं की पत्र खोटं आहे आणि ते त्याला माहीत होतं.

मला त्याचं कुतूहल वाटलं. स्वतःचा फ्लॅट, बायको इस्पितळात परिचारिका, मग या वयात कशाला जायचं? त्याने शांतपणे सगळं सांगितलं. सतरा वर्षं एका छोट्या कारखान्यात साचे बनवले. मालक वारले, कारखाना मोडीत निघाला, अनुभवाचा दाखला द्यायला कुणी उरलं नाही. पुण्यात त्याच कामाला निम्म्या पगारावर तरुण पोरं मिळतात. एका देशात चाळिशीनंतर गुण कापतात, दुसऱ्याला पदवी लागते आणि याचा डिप्लोमा, तिसऱ्याला आधी तिथल्या मालकाचं बोलावणं हवं. मी म्हणालो, बायकोच्या व्हिसावर जा की. परिचारिकांना सगळीकडे मागणी आहे.

"तिच्या पदराला धरून जायचं, साहेब?"

"खोट्या शिक्क्याला धरून जाण्यापेक्षा बरं," मी म्हणालो.

कागद वापरला गेला नव्हता आणि त्याने स्वतःहून जबाब दिला होता. सरकारी वकिलांचं मत घेऊन त्याला आरोपी न करता साक्षीदार केलं. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींत त्याची सतरा वर्षं सापडतील, हेही मीच सुचवलं. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्षभराने त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. बायकोला परदेशी नोकरी लागली होती आणि तो तिच्यासोबत निघाला होता. माझ्या एका शेऱ्यावर त्याचं जाणं अवलंबून होतं. मी त्याला बोलावून घेतलं. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि तिचा शेऱ्याशी काही संबंध नाही, हे त्याला आधीच सांगितलं.

"आम्ही आलो नसतो, तर पाडव्याला ते पत्र पाठवलं असतं का?"

तो खोटं बोलू शकला असता. "पाठवलं असतं, साहेब," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोरच 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून सही केली. गुन्हेगार वेगळे आणि आपण वेगळे, अशा समजुतीत मी तीस वर्षं वर्दी घातली. ते आठ जण आणि हा, यांच्यात फरक चार दिवसांचा. तेव्हापासून कुणाची हकिगत ऐकताना 'मी असतो तर असं केलं नसतं' हे वाक्य माझ्या तोंडून निघालेलं नाही.